शंभर माणसांचं वजन

"पोती हलकी झाल्यात बाई," गेनबा म्हणाला.

मी पेढा खात होते. अर्धा तोंडात, अर्धा हातात. चाचणीच्या रुळावर आमची चार डब्यांची गाडी उभी होती. तिच्या नाकावर कुणीतरी झेंडूचा हार घातला होता आणि हमालांची रांग डब्यांतून वाळूची पोती खाली उतरवत होती. दुपारी अडीचला ब्रेकची शेवटची चाचणी पास झाली होती. दोनशे पाच मीटरच्या आत थांबायचं होतं, गाडी एकशे सत्त्याण्णवला थांबली. सगळा कारखाना खूश होता.

"हलकी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी हलकी. आषाढात हीच पोती शेडात लावली तवा माझ्या गड्यांचे खांदे सोलवटले हुते. आता त्या बाबूकडं बघा की. शीळ घालत उतरवतोय. त्याला काय मस्ती आलीया व्हय? वजनच न्हाई त्यात."

गेनबा शेलार हमालांचा मुकादम. साठीचा, चिवट, दाढेखाली कायम तंबाखू. चेष्टा केल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही, म्हणून मी म्हटलं, "अण्णा, पेढा घ्या आणि गप बसा."

त्याने पेढा घेतला, पण गप काही बसला नाही. "खोटं वाटत आसंल तर काट्यावर घाला. चाळीस वर्सं हा खांदा पोती तोलतोय. किलोभर चुकंल, चार किलो न्हाई चुकायचा."

चार किलो म्हटल्यावर मी उरलेला पेढा खाली ठेवला. कारण ती पोती मी तोलली होती. एकूण एक.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, वाळूच्या पोत्यात चार किलो कमी भरले तर एवढं आभाळ कोसळायला काय झालं? सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याबाहेर सोलापूर रस्त्याला आमचा रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना होता. कंपनीचं नाव सांगत नाही. एका मोठ्या शहरात जमिनीखालून रेल्वे धावणार होती आणि तिचे डबे परदेशातून आयते न आणता इथे, आपल्याच माणसांनी आखून बांधायचे असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे अरविंद टिपणीस नावाच्या एका माणसाने हट्टाने ठरवून घेतलं होतं.

टिपणीससाहेब आमचे मुख्य अभियंता. सहा वर्षं ते त्या डब्यामागे लागले होते. आधी लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना केला, त्यात कारखान्यातल्या लोकांना दाटीवाटीने उभं करून बघितलं, की कुणाचं कोपर कुणाला लागतंय. मग पोलादी सांगाडा केला, तो दाबून दाबून मोडला आणि पुन्हा बांधला. दारं चारदा बदलली. वरून बोलणी खाल्ली, खालून शिव्या खाल्ल्या. जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी गाडी पास होऊन त्या शहरात जावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि हा डिसेंबर चालला होता.

आणि मी वैजयंती गुरव, मिरजेची. वय चोवीस, नोकरीला दहा महिने, अजून कायम झालेली नाही. चाचणी विभागात अडतीस पुरुष आणि एक मी. कारखान्याचे व्यवस्थापक मोकाशी येता-जाता म्हणायचे, "बाईमाणूस इथं ग्रीस-ऑइलमध्ये कशाला? ड्रॉइंग ऑफिसात पंख्याखाली बसवा की." टिपणीससाहेबांनी मला मुद्दाम चाचणीत घेतलं होतं. त्यांच्या तोंडून कधी कौतुक ऐकलं नाही, पण घेतलं होतं.

गाडी रिकामी थांबवून दाखवण्यात काही शहाणपण नसतं. खच्चून भरलेली थांबली पाहिजे. एका डब्यात तीनशे माणसं धरायची, माणशी पासष्ट किलो. तीनशे माणसं रोज कुठून आणणार, म्हणून वाळूची पोती. पन्नास किलोचं एक, अशी डब्याला तीनशे नव्वद. चार डब्यांची पंधराशे साठ. जुलैत वाळू आली तेव्हा आठ दिवस काट्यापाशी उभी राहून मी प्रत्येक पोतं बरोबर पन्नासला आणलं, वर लाल रंगाने आकडा घातला आणि तक्ता तयार केला. मी कायम नव्हते, त्यामुळे माझी सही चालायची नाही. सही टिपणीससाहेबांनी केली. माझं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

गेनबाला घेऊन मी काट्यापाशी गेले. बाबूने पहिलं पोतं टाकलं. सेहेचाळीस. दुसरं पंचेचाळीस आणि काही. तिसरं साडेसेहेचाळीस. दहा पोती तोलली आणि एकही सत्तेचाळीसच्या वर जाईना.

"चोरली का रे कुणी वाळू?" मी बाबूवर ओरडले. काहीतरी ओरडायला हवंच होतं.

"वाळू कोण चोरंल बाई? सोनं हाय व्हय?" गेनबा म्हणाला. त्याने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर वाळू हातावर घेतली आणि बोटांतून खाली सोडली. कोरडी ठक्क. "नदीतनं काढून तशीच आणली हुती. ट्रकातनं पाणी गळत हुतं, इसरलात? तुम्ही वाळूसंगं पाणीबी तोललंत."

दोन विषयांत विशेष प्रावीण्य मिळवलेली मी इंजिनियर, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. जुलैत ओली वाळू तोलली, मग पत्र्याच्या शेडमध्ये ऑक्टोबरचं ऊन तिने खाल्लं आणि डिसेंबरात मी तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, पन्नास. अहो, घरी मिरच्या वाळत घालणारी माझी आईसुद्धा ही चूक करणार नाही.

टिपणीससाहेब त्यांच्या खोलीत एकटेच होते. टेबलावर त्यांच्या वाटणीचा पेढा तसाच कागदावर पडला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

"किती तोललीस?"

"दहा, साहेब."

"पंधराशे साठातली दहा?" आता त्यांनी मान वर केली. "आणखी चाळीस तोल. चारही डब्यांतली, वेगवेगळ्या थरांतली. मग ये."

मी परत आले तेव्हा सहा वाजत आले होते. सरासरी सेहेचाळीस. त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली, पुन्हा केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सव्वासहा टन," ते म्हणाले. "म्हणजे जवळजवळ शंभर माणसं गाडीत नव्हतीच."

"साहेब, माझी चूक आहे."

"ते कळलं मला. कुणाला सांगितलंस?"

"गेनबाला माहीत आहे."

"उद्या अकराला तपासणी मंडळाचे राघवन प्रमाणपत्रावर सही करणार आहेत. तक्त्याची फाइल घेऊन ये." एवढं बोलून त्यांनी हाताने जायची खूण केली. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बसमध्ये माझ्या डोक्यात एकच चाललेलं. उद्या माझी नोकरी जाणार. बाबा पोस्टात सॉर्टर होते, त्यांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, आमची वैजू रेल्वे बांधते. आणि मोकाशी म्हणणार, बघा, म्हणत नव्हतो मी?

दुसऱ्या दिवशी अकराला बैठकीच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. सरकारी तपासणी मंडळाचे राघवन आणि त्यांचे दोन सहायक, मोकाशी, टिपणीससाहेब आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेतलेली मी. प्रमाणपत्र टाइप होऊन टेबलावर आलं होतं. राघवन म्हणजे बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि टिपणीससाहेब म्हणाले, "थांबा. कालची चाचणी चुकीची आहे."

मोकाशींच्या हातातला कप बशीवर आपटला. टिपणीससाहेबांनी ओली वाळू, कोरडी वाळू, सव्वासहा टन सगळं चार वाक्यांत सांगून टाकलं.

मोकाशी माणूस हुशार, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दोन मिनिटांत त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "असं करू या ना, घाबरायचं काय त्यात? गाडीचं वजन तीन टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे अंतर तीन टक्क्यांनी वाढणार. एकशे सत्त्याण्णवचे झाले दोनशे तीन. मर्यादा दोनशे पाच. पासच आहे की! तक्ता दुरुस्त करू, खाली एक टीप घालू, झालं."

राघवननी तो आकडा आपल्या वहीत करून बघितला. दोनशे तीनच आला. त्यांनी हळूच मान हलवली. "हिशेब बरोबर आहे. वजनं केली कोणी?"

माझ्या मांडीवरची फाइल दहा मणांची झाली होती. मी उठायला हवं होतं. दोन शब्द बोलायचे होते, मी केली.

"मी," टिपणीससाहेब म्हणाले.

मोकाशी चटकन वळले. "अहो साहेब, ती तर या पोरीनं..."

"मोकाशी, तक्त्यावरची सही वाचा." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मोकाशींचं तोंड मिटलं. मग साहेब राघवनकडे वळले. "सही माझी आहे. वाळू ओली की कोरडी हे न बघता मी सही केली. या गाडीचे ब्रेकही मीच आखलेत. एका ठिकाणी न बघता सही करणाऱ्या माणसाने आणखी कुठे कुठे केली असेल, हे मला आठवत नाही आणि तुम्हाला तर माहीतच नाही. भुयारात वळणापलीकडे दुसरी गाडी उभी असते, साहेब. हिशेबावर सही करू नका. खरं वजन घाला आणि पुन्हा थांबवून बघा."

राघवननी पेनाला टोपण लावलं. मोकाशी चिडून म्हणाले, "महिनाभराने निवृत्त होताय तुम्ही! कशाला ही दुर्बुद्धी?"

राघवन मात्र माझ्याकडे बघत होते. का कोण जाणे, पण सरळ माझ्याकडे. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"नाही, सर," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. टिपणीससाहेबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, देवमाणूस, माझी नोकरी वाचवली. आणि फाइल छातीशी धरून बाहेर आले.

पुढचे तीन दिवस आम्ही पोती तोलत होतो. या खेपेला प्रत्येक पोत्यात कोरडी वाळू भरून पन्नास पुरे केले. गेनबाचे गडी पुन्हा वाकले आणि बाबूची शीळ बंद झाली. कारखान्यात बातमी फिरली होती, की म्हाताऱ्याला शेवटी चळ लागला, पास झालेली गाडी स्वतःच्या हाताने अडवली. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्या तोंडावर हसायचे. मी तिथेच असायचे. चहा पिऊन निघून यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला चाचणी. मला गाडीत बसायला मिळालं, चालक लतीफभाईंच्या मागे, वेगाच्या नोंदी घ्यायला. लतीफभाईंनी अशा पन्नासेक चाचण्या केल्या होत्या. ते बसायच्या आधी नेहमी रुळाला हात लावायचे, तसा त्यांनी लावला. पुढे रूळ सरळ, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. ब्रेक जिथे मारायचा तिथे पांढरा खांब, तिथून दोनशे पाच मीटरवर लाल खांब. लाल खांबापाशी टिपणीससाहेब उभे होते. बाकीचे सगळे मागे तंबूच्या सावलीत, हे एकटेच उन्हात.

"टिपणीससाहेब तिथं कशाला उभे राहिलेत?" मी विचारलं.

"स्वतः बघायचं असेल त्यांना," लतीफभाई म्हणाले. "बसा नीट. पकडा काहीतरी."

गाडी सुटली. भरलेली गाडी जड चालते, जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो. चाळीस. पन्नास. मी मोठ्याने आकडे वाचत होते, माझा आवाज मलाच चिरका वाटत होता. साठ. सत्तर. गवत मागे पळत होतं. पंच्याहत्तर. ऐंशीला काटा लागला आणि पांढरा खांब समोर आला.

"मारतोय," लतीफभाई म्हणाले आणि दांडा खाली ओढला.

मी पुढे फेकली गेले. चाकांनी किंकाळी फोडली, मागे कुठेतरी पोत्यांची थप्पी कोसळली. काटा उतरू लागला. साठ, पन्नास. उतरत होता, चांगला उतरत होता. थांबणार, मी मनात म्हटलं, थांबणार. चाळीस. लाल खांब मोठा होत होता. तीस. आणि मग मला समजलं की काटा हवा तेवढ्या वेगाने उतरत नाहीये. लतीफभाईंना माझ्या आधीच समजलं होतं. ते पुटपुटले, "या अल्लाह, थांब की गं बाई." पंचवीस.

काच समोर होती म्हणून मला साहेबांचा चेहरा दिसला. गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते. ते चाकांकडे बघत होते, वाकून, आजारी माणसाची नाडी बघावी तसे. लाल खांब मागे गेला. आम्ही अजून चालत होतो.

गाडी दोनशे एकोणीसला थांबली.

लतीफभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खाली उतरले. राघवननी स्वतः फीत धरून अंतर दोनदा मोजलं. हिशेबाने दोनशे तीन यायला हवे होते आणि आले होते दोनशे एकोणीस. मोकाशींचा चेहरा पांढराफटक पडला होता, कारण चार दिवसांपूर्वी त्या दोनशे तीनवर सही करा म्हणून हेच सांगत होते.

चूक सापडायला तीन महिने लागले आणि ती वाळूत नव्हती. डब्यात किती भार आहे हे ब्रेकला कळवणारा एक व्हॉल्व्ह असतो. भार वाढला की त्याने ब्रेक जास्त दाबायला लावायचा. आमचा व्हॉल्व्ह एका मर्यादेपर्यंत नीट चालायचा आणि भार तिच्यापुढे गेला की अडकून उलट ब्रेकचा दाब कमी करायचा. शेवटची शंभरेक माणसं गाडीत चढली की तो असा दगा द्यायचा. नेमकी तीच शंभर माणसं मी पहिल्या चाचणीत गाडीबाहेर ठेवली होती. कोरड्या वाळूमुळे तो दोष झाकला गेला होता आणि कुठलाही हिशेब तो दाखवू शकला नसता.

पण हे सापडलं तेव्हा टिपणीससाहेब कारखान्यात नव्हते. वरून चौकशी आली, निष्काळजीपणाचा ठपका आला. जानेवारी संपायच्या आत त्यांची खोली मोकळी करून घेतली. निरोपसमारंभ झाला नाही. एक पेटी आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन ते रिक्षात बसले, तेव्हा फाटकाशी फक्त गेनबा होता. मी खिडकीतून बघितलं. मार्चमध्ये मी नोकरीत कायम झाले. मिरजेला बाबांनी गल्लीत पेढे वाटले. मला एकही गिळवला नाही.

सप्टेंबरात नवा व्हॉल्व्ह घालून गाडी पास झाली, खऱ्या वजनाने, एकशे नव्व्याण्णवला. पुढे त्या जातीचे दोनशे सोळा डबे बांधले आणि ते त्या शहराच्या पोटातून सव्वीस वर्षं धावले. म्हणजे फार गुणाचे होते असं नाही हं. पहिल्या वर्षी दारं अडकायची, तेव्हा लोक लाथ घालून उघडायचे. हवा खेळवायचे पंखे इतके घोंघावायचे की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तिसऱ्या वर्षी बाकांचा रंग बदलला, अकराव्या वर्षी मोटारी बदलल्या, अठराव्या वर्षी गारेगार हवेची सोय केली. ब्रेकला मात्र मुळातून हात लावायची वेळ कधी आली नाही. गेल्या महिन्यात शेवटची गाडी सेवेतून काढली. आता मी त्या विभागाची प्रमुख आहे. तरुण पोरांनी मला बोलायला उभं केलं. मी लाकडी नमुन्याचं सांगितलं, दारांना लाथा घालणाऱ्या लोकांचं सांगितलं, सगळे हसले. हे एक सांगितलं नाही.

गाडी पास झाली त्या सप्टेंबरातल्या रविवारी मी नागोठण्याला गेले होते. निवृत्तीनंतर साहेब आपल्या गावी जाऊन राहिले होते. मी पत्र टाकलं नव्हतं, तशीच धडकले. दार त्यांच्या पत्नीने, सुहासवहिनींनी उघडलं. साहेब बनियनवर पडवीत बसून वाल सोलत होते. रात्रभर भिजवलेले कडवे वाल, एकेक सोलायचे.

"आलीस? बस. हात धू आणि सोलायला लाग," ते म्हणाले, जणू मी शेजारच्या गल्लीतून आले होते.

"साहेब, पास झाली. एकशे नव्व्याण्णव."

त्यांचे हात थांबले. मग आत ओरडून म्हणाले, "सुहास, गाडी थांबली गं!" आतून वहिनींचा आवाज आला, "बरं झालं बाई. देवापुढे साखर ठेवते."

मी सोलायला बसले. नऊ महिने जे मनात होतं ते एकदम बाहेर आलं. "साहेब, माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं. तुम्ही माझी नोकरी वाचवायला स्वतःवर घेतलंत. मी हे कधी विसरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आश्चर्य होतं. "तुझी नोकरी? अगं, तुझी नोकरी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती."

"म्हणजे?"

"मोकाशी काय म्हणाला आठवतं ना? तीन टक्के, दोनशे तीन, खाली टीप. तुझं नाव सांगितलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं सगळं. नवी पोरगी आहे, चुकली, मेमो द्या तिला, आकडा सुधारा, करा सही. पोरीच्या चुकीसाठी कोण पुन्हा पंधराशे पोती भरतं? मला ती सही अडवायची होती. त्यासाठी चुकलेला माणूस मोठा हवा होता. ब्रेक ज्याने आखले तोच म्हणतोय माझा भरवसा नाही, म्हटल्यावर राघवनचं पेन चालणार कसं?"

"मग तुम्हाला व्हॉल्व्हचा संशय होता?"

"छे गं! मी पैज मारली असती, गाडी दोनशे तीनच्या आत थांबेल म्हणून. थांबली की सगळे गप्प बसतील, मी सुखाने घरी जाईन." ते जरा हसले. "एकोणीस बघितल्यावर मात्र माझीच झोप उडाली."

माझा पार फुगा फुटला होता. नऊ महिने मी त्यांना देव करून बसले होते, आणि देवाच्या ध्यानीमनी मी नव्हतेच. पण त्याचबरोबर, आता लपवून काय करू, मला सुटल्यासारखंही वाटलं. माझ्यासाठी कुणी काही गमावलं नव्हतं तर. मी एक वाल सोलला, आणखी एक सोलला, आणि जरा हलक्या आवाजात म्हटलं, "मग मी त्या दिवशी गप्प बसले ते बरंच झालं म्हणायचं."

"कामासाठी बरं झालं," ते म्हणाले. "तू उठली असतीस तर माझा सगळा डाव बिघडला असता."

"बघा ना," मी म्हटलं.

त्यांनी सोललेल्या वालांचं भांडं आपल्याकडे ओढलं. माझ्याकडे न बघता, पण अजिबात न रागावता ते म्हणाले, "तरी उठायला हवं होतंस, वैजयंती."

वहिनींनी जेवायला थांबवून घेतलं. वालाचं बिरडं, भात, तळलेले बोंबील. मी सगळं जेवले, वाढलेलं काही टाकलं नाही, आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

त्यानंतर मी पुष्कळ वेळा उठले. चुकलेल्या आकड्यासाठी उठले, वरिष्ठांसमोर उठले, एकदा मंत्र्यासमोर उठले. लोक म्हणतात, फटकळ बाई आहे, बैठकीत मध्येच उभी राहते. म्हणू देत. पण राघवननी सरळ माझ्याकडे बघून विचारलं होतं तेव्हा मी बसूनच राहिले, आणि ते बसणं आता कितीही वेळा उठून भरून येत नाही.